समुद्राकडे तोंड करून उभी असलेली मोटार

आमच्या घरात बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे?' असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की काम फिसकटतं, माणसावर संकट येतं, असा आईचा पक्का समज होता. चुकून कोणी विचारलंच, तर निघालेल्याने चपला काढून पुन्हा आत यायचं, पाटावर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. एकदा बाबा कचेरीला निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, तर आईने त्यांना कोट-टोपीसकट परत आणून बसवलं होतं. त्यांना साहेबाची बोलणी खावी लागली, पण तिला त्याचं काही नव्हतं. अगदीच राहवत नसेल तर 'लांब?' एवढं विचारायची परवानगी होती. निघालेल्याने 'जरा लांब' म्हणायचं, नाहीतर 'इथेच' म्हणायचं. त्यापुढे खोदून विचारायचं नाही. मी ऐंशी कधीच ओलांडली. या रीतीने माझं जेवढं वाटोळं केलं, तेवढं दुसऱ्या कशानेही केलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही गिरगावात, ठाकूरद्वाराच्या मागच्या गल्लीत राहत होतो. आमच्याकडे एक जुनी काळी मोटार होती. आम्ही काही मोटारवाली माणसं नव्हतो. बाबांचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती त्यांच्या गळ्यात मारून गेला होता. बाबांना ती चालवता येत नसे. निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी तिला फडक्याने पुसायचे आणि मागच्या सीटवर बसून वर्तमानपत्र वाचायचे. चालवायचा फक्त दादा, माझा मोठा भाऊ. चोवीस वर्षांचा, वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करणारा, आणि संध्याकाळी चळवळीच्या सभांना जाणारा. तो जातो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि रीतच तशी असल्यामुळे त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

त्या थंडीत आई विषमज्वरातून उठली होती. दोन महिने ती खोलीबाहेर गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा मिळाली तर बरं. आईचं माहेर माहीमचं. तिने एकच हट्ट धरला, की एकदा मला माहीमचा किनारा दाखवून आणा.

"अरे पण अर्धे रस्ते बंद आहेत," बाबा म्हणाले.

"गडबड सगळी लालबाग-परळकडे आहे, बाबा," दादा म्हणाला. "समुद्राच्या कडेकडेने जाऊ. मी चौकशी करून आलोय."

बाबांनी जरा कां-कूं केलं आणि मग कोट चढवला. मी पितळी डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दादाला आवडतं म्हणून कोबीचं भानोलं भरलं. आई शाल गुंडाळून मागे बसली, शेजारी मी. तिच्या पायांखाली दादाने स्वतः आणून एक उशी ठेवली. एवढी काळजी घेणारा तो नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चौपाटीपाशीच पहिली आडकाठी आली. वाळूकडे जायला बंदी, सरळ रस्ताही बंद. निळ्या गणवेशातल्या, पिवळ्या टोपीच्या शिपायाने आम्हाला वाळकेश्वरच्या चढावर वळवलं. मोटार धापा टाकत वर चढली, आणि वरून एका वळणावर सबंध समुद्र दिसला. आईने काचेला हात लावला. "किती लख्ख आहे गं," ती म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती आपणहून बोलली होती. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पायांवरची शाल सारखी करायला वाकले, आणि माझा हात त्या उशीवर पडला. उशी कुरकुरली. आत कापूस नव्हता, कागद होते.

मी वर पाहिलं. दादा समोरच्या आरशातून माझ्याकडेच बघत होता. त्याने मान अगदी थोडी हलवली. बोलू नकोस.

गिरगावातल्या एका छापखान्यात रात्रीतून पत्रकं छापली जातात, हे मी ऐकून होते. ती गिरणगावात कशी पोचतात ते आता कळलं. हाजीअलीच्या वळणावर पुन्हा अडवलं. हवालदाराने आत डोकावून आईचा पिवळा पडलेला चेहरा पाहिला, कापलेले केस पाहिले, आणि म्हणाला, "आजारी बाई आहे, जाऊ द्या." मोटार सुटली. आई म्हणाली, "बघितलंस? अजून माणुसकी आहे." बाबा म्हणाले, "आपण कोणाचं घोडं मारलंय?" मला दादाचा असा संताप आला की त्याच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटला. आईच्या दुखण्याचा त्याने पास केला होता. आणि खरं सांगायचं तर संतापाच्या खाली मला गंमतही वाटत होती. मी एकोणीस वर्षांची होते, सभेला जायची मला बंदी होती, आणि माझ्या पायांशी चळवळ बसली होती. आयुष्यातला तो शेवटचा निखळ आनंद म्हणायचा, कारण त्यानंतर कोणताही आनंद झाला की मला ती उशी कुरकुरलेली ऐकू येते.

वरळीच्या समुद्रकाठचा रस्ता जवळजवळ मोकळा होता. ओहोटी लागलेली, खडक उघडे पडलेले, वाऱ्यावर सुकत्या मासळीचा वास. त्या रस्त्याच्या उत्तरेच्या टोकाला पिंपं आडवी टाकून पुढचा रस्ता बंद केला होता. प्रभादेवीकडे, माहीमकडे जायला मिळणार नव्हतं. खडकांवरून किल्ल्याकडे जाणारी पायवाटसुद्धा दोर बांधून अडवली होती. दादाने मोटार कडेला घेतली, समुद्राकडे तोंड करून उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"पुढचं काय ते बघून येतो," तो म्हणाला. खाली उतरून त्याने मागचं दार उघडलं, आईच्या पायांखालची उशी सारखी केल्यासारखं केलं, आणि उठला तेव्हा त्याच्या कोटाची डावी बाजू फुगलेली होती. बाबा समुद्राकडे बघत होते. आईचे डोळे मिटलेले होते.

माझ्या तोंडात 'कुठे' आलं होतं. अगदी जिभेवर. पण आई शेजारी होती, नुकती मरणाच्या दारातून आलेली, आणि आपल्या निघालेल्या मुलाला कोणी असं विचारलेलं तिला सहन झालं नसतं. मी खिडकीतून मान बाहेर काढली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "लांब?"

"छे गं. इथेच," तो म्हणाला. माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गेला. आम्ही एका तासात येईल असं धरून चाललो.

पहिला तास आम्ही मजेत काढला. दुसऱ्या तासात बाबा उतरून पिंपांपर्यंत जाऊन आले. मोटारीची किल्ली दादाच्या खिशात गेली होती, आणि ती असती तरी आमच्यापैकी कोणाला काय उपयोग होता? दुपार झाली. मी डबा उघडला. आई म्हणाली, "तो आल्यावर." दुखण्यातून उठलेली बाई, सकाळी फक्त पेज घेतलेली, पण ती हट्टाने बसून राहिली. मग आम्हीही खाल्लं नाही. समोर भरतीचं पाणी खडकांवर चढत होतं. आम्ही तिघं त्या बंद मोटारीत ओळीने समुद्राकडे बघत बसलो होतो. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय हौशी माणसं आहेत.

कोळीवाड्यातली एक म्हातारी सुक्या मासळीची टोपली घेऊन दोनदा मोटारीजवळून गेली. तिसऱ्यांदा ती थांबली. तिने घरून कळशीभर पाणी आणून आईला पाजलं, आणि सरळ विचारलं, "पोरगा कुटं गेला तुजा, बाय?"

आई दचकली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. म्हातारी वाट बघत उभी राहिली.

"इथेच गेलाय," शेवटी मी म्हटलं.

तेव्हा तरी मी पत्रकांचं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर बाबांनी गिरणगावाकडे धाव घेतली असती. पण मला दादाचा विश्वासघात करायचा नव्हता, आणि बाबांच्या रागाची भीतीही होती. आता येईल, मग दोघं मिळून बोलणी खाऊ, असं मी मनाशी म्हणत राहिले. सूर्य पाण्याला टेकला तसा वस्तीतल्या माणसांनी कुठून तरी एक टॅक्सी मिळवून आणली. आई उतरायलाच तयार नव्हती. "तो आला आणि आपण नसलो तर?" ती परत परत म्हणत होती. त्या म्हातारीने मोटारीवर लक्ष ठेवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे ती उठली. दादाचा डबा मी त्याच्या सीटवर ठेवला.

मग दोन दिवस आम्ही त्याला शोधलं. 'इथेच' म्हणाला होता म्हणून वरळीतच शोधलं. बाबा आणि मामा खडक पालथे घालत होते, कोळीवाड्यातल्या गल्ल्यांतून हिंडत होते, चौकीवर जात होते. भरतीत ओढला गेला असेल म्हणून कोळ्यांनी होड्या काढल्या. पत्रकांचं मी दुसऱ्या रात्री सांगितलं. बाबांनी मला मारलं नाही. ते फक्त म्हणाले, "त्याच दिवशी का नाही बोललीस?" आणि पहाटेच परळकडे जायला निघाले, पण संचारबंदी होती, त्यांना परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी संचारबंदी जरा सैल झाली, तेव्हा लालबागच्या चाळीतला एक गिरणीकामगार पत्ता शोधत आमच्या दारात आला. पत्रकं त्याच्याच हातात पडायची होती; छापखान्यातून त्याने आमचा पत्ता मिळवला होता. तो म्हणाला, मोटारीची किल्ली खिशात असलेला एक जखमी माणूस परळच्या इस्पितळात आहे, नाव कोणाला ठाऊक नाही. पळापळ झाली तेव्हा तो पडला, डोक्याला मार लागला. बाबा त्याच्याबरोबर गेले. दादा त्या दिवशी सकाळीच गेला होता. बाबांना कोट मिळाला आणि किल्ली मिळाली.

गोळी लागून जी माणसं गेली त्यांना लोकांनी हुतात्मा म्हटलं, आणि ते योग्यच झालं. दादा पडून गेला. त्याला कोणी काही म्हटलं नाही. पुढे महाराष्ट्र झाला, आमच्या गल्लीत पेढे वाटले, गुढ्या उभ्या राहिल्या. आईने दार लावून घेतलं.

बाबांनी एक गोष्ट आईला कधी सांगितली नाही. मलाही ती खूप वर्षांनी, स्वतःचे दिवस भरत आले तेव्हा सांगितली. इस्पितळात पहिल्या दिवशी दादा शुद्धीवर येत-जात होता. स्वतःचं नाव त्याला सांगता येत नव्हतं. एकच वाक्य तो बोलत होता, "माझी आई मोटारीत बसलीय." वॉर्डातल्या माणसांनी भलेपणाने इस्पितळाच्या आजूबाजूचे सगळे रस्ते पाहिले. मोटारीत बसलेली कोणी बाई त्यांना कुठे दिसली नाही. त्या वेळी आम्ही वरळीला होतो.

मोटार बाबांनी तिथूनच कोणाला तरी देऊन टाकली. कोळीवाड्यातल्या म्हातारीने डबा घासूनपुसून गिरगावात आणून दिला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात मी काही ठेवत नाही.

आईत एक बदल झाला. ती रीत जिने आम्हाला शिकवली तीच आता दारात उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला 'कुठे?' विचारायला लागली. बाबांना, मला, दूधवाल्याला, समोरच्या नव्या नवरीला. नुसतं ठिकाण सांगून भागायचं नाही. कोणत्या रस्त्याने जाणार, कोणाकडे जाणार, सगळं हवं असायचं. शेजारचे लोक चिडायचे. मागच्या जिन्याने निघून जायचे. मला मात्र उभ्या जन्मात तो प्रश्न कोणाला विचारता आला नाही. नवरा निघाला, मुलं निघाली, की माझी जीभ जड व्हायची. लोकांना वाटायचं, किती समजूतदार बाई, कोणाच्या मागे लागत नाही.

आई गेली त्या दुपारी खोलीत मी एकटीच होते. खिडकीतून उन्हाचा पट्टा तिच्या पायांवर पडला होता. श्वास लांबत चालला होता. मध्येच तिने पांघरूण बाजूला केलं आणि उठून बसायची धडपड केली, पाय खाली सोडायला लागली, जणू चपला शोधत होती. मी तिला धरलं. आणि इतकी वर्षं न विचारलेलं ते आपोआप बाहेर आलं.

"आई, कुठे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी स्वच्छ होते. बाबांनी तिला काही सांगितलं नव्हतं, मीही नाही, हे मी शपथेवर सांगते.

"मोटारीत बसते," ती म्हणाली. "तो शोधत असेल."