न बांधलेल्या घरातले जेवण

बार्शीला छोट्या आगगाडीतून उतरलो तेव्हा केशवराव आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. आम्ही दोघे पुण्यात भागीदारीत इमारतींचे नकाशे काढतो. एका राष्ट्रीय शाळेच्या कमिटीने आमच्याकडे इमारत आखायला दिली आणि अट एकच घातली, की पाहताक्षणी ही आपल्या देशाची शाळा आहे हे कळले पाहिजे. एवढ्या एका वाक्याने आमच्या कचेरीत भाऊबंदकी माजली. केशवरावांनी घुमट काढला, मी शिखर काढले. माझे शिखर त्यांना देवळावरून उतरवून आणल्यासारखे वाटे, आणि त्यांचा घुमट मला गोऱ्या साहेबाने बांधलेल्या पोस्टावरून उचललेला वाटे. शेवटी ठरले, की मोगलाईत (निजामाच्या मुलखात) धारूरपर्यंत फेरी मारायची. तिकडे अजून रेल्वे पोचली नाही, बंगल्यांची हौस पोचली नाही. अस्सल देशी बांधकाम असेल तर तिथेच असेल. परतताना दोघांना मान्य असा एक नकाशा हाती नसला, तर भागीदारी मोडायची. हे ठरवताना मात्र आमचे चटकन एकमत झाले.

हद्दीवर करोडगिरीचा (जकातीचा) नाका लागला. तिथल्या जमादाराने आमची पत्र्याची नळी उघडली आणि दोन्ही नकाशे बाजेवर पसरून मान तिरकी करून पाहिले.

"ये दो मदरसे हैं क्या?"

"नाही, शाळा एकच आहे," मी म्हणालो.

"एकच है तो दो नक्शे कायकू?"

याचे उत्तर आमच्याजवळ असते तर आम्ही एवढ्या लांब कशाला आलो असतो! त्याने हसून नळी परत दिली.

पुढे बैलगाडी. दिवाळी नुकतीच सरलेली, काळ्या रानात ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. केज मागे पडले तसे बालाघाटाचे डोंगर दिसू लागले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सीताफळीची झाडी लागली. त्या झाडीकडे पाहण्याच्या नादात मी गाडीवानाच्या पाटीवरच बसलो. पाटीत पिकलेली सीताफळे होती.

"ह्ये काय केलं साहेब! लई गोड माल व्हता," गाडीवान कळवळून म्हणाला. केशवराव दोन दिवसांत पहिल्यांदा हसले, तेही माझ्या धोतराकडे बघून.

धारूरचा किल्ला आम्ही वेगवेगळ्या टोकांना बसून पाहिला. ते कमानी काढत होते, मी दगडी चौथरे. संध्याकाळी वह्या समोर ठेवल्या तर दोघे दोन किल्ल्यांवर जाऊन आल्यासारखे वाटत होते. मला उदास वाटले. भांडणे कितीही झाली तरी मला हा माणूस सोडायचा नव्हता, आणि ते तोंडाने सांगण्याइतका मी शहाणाही नव्हतो.

उतरलो होतो दादाराव पाटलांकडे. बार्शीच्या एका अडत्याने ओळख दिली होती. मोठे बागायतदार, आवाजही तसाच मोठा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी वर्दी दिली, "आज जेवाण नव्या घरात हाय. समदी तिकडंच चालली."

नवे घर म्हटल्यावर आम्ही टेपा आणि पेन्सिली घेऊन निघालो. गावाबाहेर एका मोकळ्या रानात पाटील थांबले. घर म्हणून काही नव्हते. चुन्याच्या फक्कीच्या (भुकटीच्या) पांढऱ्या रेघा जमिनीवर ओढलेल्या, आणि त्यांच्यामध्ये पाटलांचे सगळे कुटुंब बसले होते. एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल पेटली होती.

"घर कुठे आहे?" केशवरावांनी विचारले.

"ह्ये काय, दिसंना व्हय?" पाटील म्हणाले. "आमच्यात पाया खंदायच्या आदी घरात एक येळ जेवायचं. घर नांदतंय का न्हाई, ते आदी बघायचं."

केशवराव लगबगीने पुढे निघाले आणि सगळीकडून एकच ओरडा झाला. "अवो, भिताडातनं कुठं चालला!"

पंधरा पूल आणि तीन कचेऱ्या आखलेला माणूस भिंतीत उभा होता. खाली पाहून ते मुकाट्याने मागे आले, रेघेच्या कडेने वळसा घेऊन दाराशी गेले. दार म्हणजे रेघेत सोडलेली फट. ते उंच आहेत. त्या फटीतून आत जाताना त्यांनी डोके लागू नये म्हणून मान खाली घातली. वर आभाळाशिवाय काही नव्हते. सगळे खदखदून हसले. मी मात्र हसायचे विसरलो.

पानावर ज्वारीची भाकरी, करडईच्या तेलातली वांगी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) होती. दोन घास झाले नाहीत तोच वारा फिरला आणि चुलीचा धूर थेट पंगतीवर आला. पाटलीणबाईंनी भाकरी तव्यावर टाकता टाकता फर्मावले, "चूल तिकडं न्या. अन् ह्ये दार फिरवा, उठता-बसता उगंच रस्त्यावरच्याचं दर्शन कशापायी घ्यायचं?"

पाटलांनी पायानेच रेघ पुसली, मुठीने नवी ओढली. पंगत उठून सरकली. आमची पानेही माजघरातून ओसरीवर आली. जेवण संपेपर्यंत ते घर तीनदा बदलले आणि कुणाचेही काही मोडले नाही.

हात धुताना केशवराव हळूच मला म्हणाले, "पंत, आपल्या शाळेत वारा कुठून येतो?"

"माझ्यात की तुमच्यात?"

"कुणाच्याही."

आम्ही वर्षभर शाळेच्या डोक्यावर काय ठेवायचे यावरून भांडत होतो, आत कुणी बसणार आहे याची दोघांनाही शुद्ध नव्हती. त्या दुपारी पाटलांकडून फक्कीचे घमेले मागून घेतले आणि शेजारच्या पडीक जागेत शाळा आखायला लागलो. मी मास्तर होऊन बसलो, ते पोर होऊन बसले, मग उलट. किती दिवसांनी इतका आनंद झाला होता! मावळतीला रानात एक चौक, चारी बाजूंना रुंद ओसरी आणि तिला लागून वर्ग उभे राहिले. कागदावर उतरवताना आम्ही आळीपाळीने एकच पेन्सिल धरली.

पुण्यात परतल्यावर तो नकाशा कमिटीपुढे ठेवला. अध्यक्षांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"यात घुमट नाही, शिखर नाही, साधी नक्षीसुद्धा नाही. देश कुठे आहे यात? कुणाची ही कल्पना?"

"माझी," केशवराव आणि मी एकदम म्हणालो.

काम दुसऱ्याला गेले. देशाची स्वतःची शैली सापडली का, असे कुणी विचारले तर मी अजूनही छातीठोकपणे हो म्हणणार नाही. पण आमच्या यशावर हक्क सांगायला दोघे नेहमीच धावलो होतो; अपयशावर दोघांनी एकाच तोंडाने हक्क सांगितला तो त्या दिवशी पहिल्यांदा. पायऱ्या उतरताना केशवरावांनी विचारले, "उद्या कचेरी किती वाजता उघडायची?"