अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीची सही

मृत्युपत्र म्हणजे माणसाचा अखेरचा शब्द, त्यापुढे काळही हात जोडतो, असं वकीलसाहेब म्हणत. मखमलाबादच्या आमच्या शेजाऱ्यांचा, म्हणजे तात्यांचा, अखेरचा शब्द टाइप केलेला होता आणि त्यावरची तारीख चुकीची होती.

तात्यांनी गुलाबाचा मळा विधवा लेकीला लिहून दिला होता. कसत होती तीच. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, कागद खोटा आहे, आणि कोर्टात गेला. कागद पडला तर वाटणी होणार होती, आणि विहिरीकडचा तुकडा त्यानं बिल्डरला आधीच दाखवून ठेवला होता. विहिरीवाचून गुलाब कसला! दोन साक्षीदारांपैकी एक तात्यांच्या मागोमाग गेला. उरलो मी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोर्टाच्या आवारात लेकीच्या वकीलसाहेबांनी माझं प्रतिज्ञापत्र पुढं केलं. ‘सदर तारखेस माझ्यासमक्ष सही केली.’

“सही दुसऱ्या दिवशी झाली,” मी म्हणालो. “कागद टाइप होऊन आला तेव्हा अमावस्या होती. तात्या म्हणाले, आज नाय, उद्या या.”

“सर, एका दिवसानं काय बिघडतं? सही करा.”

“दादा,” लेकीनं हळूच विचारलं, “खरं सांगून मळा जाईल का हो?”

मला माहीत नव्हतं. मी प्रतिज्ञापत्रातली तारीख दुरुस्त करायला लावली. वकीलसाहेबांनी हात जोडले; मला.

उलटतपासणीत मुलाचे वकील खुलले.

“म्हणजे मृत्युपत्रावरची तारीख खोटी?”

“चुकीची. तात्या अमावस्येला सही करत नसत.”

“साहेब, बुलेटवरून फिरणारा माणूस आवस बघत बसेल? शुद्ध थाप आहे ही!”

न्यायाधीशांचं पेन थांबलं. ते माझ्याकडे बघत राहिले. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. लेकीनं पदर मुठीत आवळला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मुलगा ताडकन उठला.

“ओ वकीलसाहेब, थाप कशाची? आमच्या तात्यांनी आवसेला कधी कुदळ उचलली नाय, अन् सही करतील?”

त्याच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी पुढं त्याला पिंजऱ्यात उभं करून तेच पुन्हा विचारलं. त्यानं तेच पुन्हा सांगितलं. मळ्याचं काहीही होवो, बापाबद्दल तो वाकडा शब्द ऐकून घेणार नव्हता.

माझी साक्ष खरी धरली गेली, मळा लेकीकडे राहिला. निकालाच्या कागदाला मात्र तिनं त्या दिवशी हात लावला नाही. अमावस्या होती.