टाळ्यांचं काम

चूक माझीच होती. हात धुण्याचं पाणी परसबागेत कसं न्यायचं, हे मुलांनी गटात सोडवायचं होतं. मी कागदावर नकाशा दिला आणि वर्गातल्या ज्या एका मुलीला अंधुक दिसतं, तिला नुसतं टाळ्या वाजवायला बसवलं.

धुळ्यातल्या आमच्या शाळेच्या फाटकाशी एक अक्का नातवाची वाट बघत रोज मेथी निवडतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी फाटकातून हे पाहून, जुडी झटकत त्या म्हणाल्या, “सर, पोरले टाळ्या वाजाडाले शाळामा धाडेल शे का?”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अंगणात नेलं, जमीन हातांनी चाचपू दिली. ती मुलगी गटाशी भांडली, “तिकडे चढ शे, पाण्याची चारी इकडून काढा!”

तिने सांगितलं तिकडून चारी काढली आणि पाणी वाफ्यात पोचलं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. “तुला न विचारता तुझं काम ठरवलं. चुकलो मी.”