आबांनी ओतलेला पुरावा

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच संताप येतो.

पिंपळनेरच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका कारखान्याचं घाण पाणी नाल्यात सुटायचं. काठच्या गावाची विहीर पार नासली होती. गावच्या पर्यावरण समितीने पंचांसमक्ष नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून, लाखेचं सील लावून ठेवलं होतं. कोर्टात तोच पुरावा. तेवढ्यात कंपनीची माणसं आली. म्हणाली, बसून मिटवू, गावाला नळ देऊ. समितीच्या अध्यक्षा अक्का म्हणत, बोलणी नकोतच. सगळ्यांत वडीलधारे आबा म्हणत, बसायला काय जातं? शेवटी बसायचं ठरलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी अक्का ठाण्यात आल्या. "साहेब, बाटल्या चोरीला गेल्या!"

माझा संशय कंपनीवर. त्यांच्या दोन माणसांना तासभर फैलावर घेतलं. हाती काही लागलं नाही. मग चहावाल्याने खबर दिली: सकाळी आबा सायकलवर पोतं घेऊन नाल्याकडे गेले होते. बाटल्या ठेवलेल्या खोलीचं कुलूप शाबूत होतं आणि एक किल्ली आबांकडेच असायची.

आबांना बोलावलं. दरडावावंही लागलं नाही.

"हां साहेब, मीच बठ्ठ्या बाटल्या नालामा वती टाक्यात. भाऊबंदकीमा पहिले केस मांगे लेतस, मंग चहा पेतस. आमना बांधना भांडणमा तुम्हीच सांगेल व्हतं ना?"

अरे देवा! सगळ्याच ओतून टाकल्या होत्या. आणि मी सांगितलं होतं खरं. तक्रार मागे घ्या, मग चहा पाजतो, ही माझी नेहमीची पद्धत. ठाण्यातले गुन्हे कमी दिसायचे, वरिष्ठ खूश. पण बांधावरच्या भावांना उद्या एकमेकांचं तोंड पाहायचं असतं. कंपनीला कुणाचं तोंड पाहायचंय?

बैठकीला मी बंदोबस्तावर होतो. कंपनीच्या वकिलाने चहा संपवला, पुरावा मागितला, आणि नाही म्हटल्यावर उठला. "मग बोलायचं कशावर?" नवे नमुने घ्यावेत, तर तोवर नाला कोरडा. कारखाना पाणी बोअरमध्ये सोडतो, असं लोक म्हणत. सिद्ध कोण करणार?

अक्कांनी चोरीची तक्रार मागे घेतली.

बोलणी करावी की नाही, मला आजही सांगता येत नाही. ज्याला उद्या आपल्या दारात यायचं नाही, त्याच्यासमोर हातातलं आधी सोडू नये, एवढंच कळलं. तेही उशिरा.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावी गेलो. टँकर आला होता, रांग लागली होती. आबा मात्र त्याच नासलेल्या विहिरीचं पाणी शेंदत होते. मी हात धरला, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. टँकरमातला मना वाटा मी तवाच बाटल्यासंगे वती टाकेल व्हता."