सीतारामरावांचा लोहचुंबक

सीतारामराव कामावरून घरी परतले की आधी उंबऱ्याशी बघत. भागीरथीबाईंच्या तपकिरी चपला तिथे जोडीने दिसल्या, की मगच त्यांचा श्वास जागेवर येई आणि ते आत जाऊन कॉफी मागत. चपला दिसल्या नाहीत, तर बाई शाळेतून किंवा देवळातून परत येईपर्यंत ते ओट्यावर बसून राहत आणि पेपर वाचण्याचे सोंग करीत. तीस वर्षे हे असे चालले होते, आणि त्यांच्याशिवाय कुणालाही ते ठाऊक नव्हते.

तंजावरातल्या जुन्या मराठी घराण्यातले हे राव मोटार-विम्याचे सर्व्हेअर होते. अपघातातली गाडी बघायची, काय मोडले, कशाने मोडले ते लिहून द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. जिल्ह्यातला असा पूल नव्हता, असे वळण नव्हते, जिथे त्यांनी कधी ना कधी टेप धरून मोजमाप केले नाही. कुंभकोणमच्या रस्त्यावर इतरांना दुतर्फा भाताची हिरवळ आणि नारळी दिसत. सीतारामरावांना दिसे ते असे: इथे बस उलटली, इथे मोपेड लॉरीखाली गेली, या चिंचेच्या बुंध्यावर अजून अँबॅसिडरचा निळा रंग आहे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. यांच्या मनाला तर चिंतण्याचाच पगार मिळत होता.

भित्रा म्हणून त्यांना हसणे सोपे आहे, आणि गाव हसतही असे. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी पापनाशमजवळ कालव्यात गेलेली एक गाडी बघायला त्यांना पाठवले होते. माणसांना आधीच हलवले होते. चिखलातून ओढून काढलेली गाडी काठावर उभी होती आणि तिच्याजवळ एका बाईच्या चपला होत्या. कुणा भल्या माणसाने त्या वेचून, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा नीट जोडीने ठेवल्या होत्या. सव्वीस वर्षांच्या सीतारामरावांनी रेडिएटर, काचा, दारे, सगळे लिहून घेतले. चपलांसाठी फॉर्मात रकाना नव्हता. त्यांच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली नाही, आणि मग ती सांगायची राहूनच गेली.

अशा माणसाच्या बायकोने स्पोर्ट्स कार घ्यायचे मनात आणले.

ते दिवसच तसे होते. पूर्वी गाडी म्हणजे फियाट नाहीतर अँबॅसिडर, आणि तीसुद्धा नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघून मिळायची. आता दर चार महिन्यांनी रस्त्यावर नवे नाव दिसे. लोकांना त्यात प्रगती दिसत होती. सीतारामरावांना एवढेच दिसे, की लोक आता जास्त वेगाने आपटू लागले आहेत. त्यांची स्वतःची जुनी फियाट पस्तिसाच्या वर कधी गेली नव्हती. भागीरथीबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवीत. पन्नाशीला त्या गाडी चालवायला शिकल्या. त्या चालवू लागल्या की राव डाव्या सीटवर बसून उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायचे. त्या जागी रबरी चटईला टाचेएवढे भोक पडले होते.

शाळेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर आलेल्या पहिल्या पोंगलनंतर, म्हणजे तिकडच्या संक्रांतीनंतर, बाई तिरुवैयारुच्या संगीतोत्सवात गाणे ऐकायला गेल्या आणि तिथेच राहणाऱ्या वेंकटरमणरावांकडे डोकावल्या. हे त्यांच्या शाळेतले जुने संगीतशिक्षक, व्हायोलिन वाजवणारे, आपल्याच मराठी मंडळींपैकी. त्यांचा मुलगा हरिप्रसाद बंगळूरला नोकरीला असताना त्याने हौसेने एक गाडी घेतली होती: लाल, दोनच सीटांची, कापडी छपराची, खेळण्यासारखी हलकी. पुढे तो अमेरिकेला गेला आणि गाडी बापाच्या अंगणातल्या शेडमध्ये भाताच्या पोत्यांशेजारी येऊन पडली. विकून टाका, असे त्याने कळवले होते.

"अहो, ती गाडी मज पाहिजे," घरी येऊन बाई तंजावरच्या जुन्या मराठीत म्हणाल्या.

"घरीं एक गाडी आहे की. दुसरी कसाला?"

"त्या गाडीत तुम्ही आहांत. ही माझी."

"तिज छप्पर नाही."

"म्हणूनच पाहिजे. तीस वर्षें काचा वर करून बसलें मी. आतां अंगास वारा लागूं दे."

त्या दिवसापासून सीतारामरावांच्या हातातला घास हातातच राहू लागला. एवढ्या ठेंगण्या गाडीत बसलेल्या माणसाचे डोके लॉरीच्या चाकाच्या बरोबरीने येते, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. शिवाय कापणीचे दिवस. गावोगावचे शेतकरी मळणीसाठी भाताच्या पेंढ्या रस्त्यावर अंथरतात, आणि त्यांवरून गाड्या जातात. पेंढा खाली गुंडाळून, तापून पेटलेल्या दोन गाड्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या, आणि त्या तर उंच गाड्या होत्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो. यांच्या मागे तो लाल रंगाचा, बिनछपराचा लागला.

नाही म्हणायचे धैर्य मात्र होईना. शेवटी ते म्हणाले, मी तपासतो, मग ठरवू. शनिवारी साडेनऊला जाऊ.

"शनिवारीं साडेनऊस राहुकाळ," भागीरथीबाई म्हणाल्या. राहुकाळात, दिवसातल्या त्या अशुभ दीड तासात, हा माणूस नखेसुद्धा कापत नसे.

"नुस्तें बघण्यास कसला राहुकाळ," राव म्हणाले. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग साडी बदलायला गेल्या.

तपासणीसाठी सीतारामरावांचे एकच खरे हत्यार होते: रुमालात गुंडाळलेला एक लोहचुंबक. गाडी कधी आपटली असेल तर गॅरेजवाले खड्ड्यात पुट्टी भरतात आणि वरून रंग मारतात. डोळा फसतो, पण चुंबक फसत नाही. पत्र्याला तो चिकटतो. पुट्टीवरून गळून पडतो. या चुंबकाने अर्ध्या जिल्ह्याची लबाडी उघडी पाडली होती. लग्नात द्यायची गाडीसुद्धा लोक आधी त्यांना दाखवत.

वेंकटरमणरावांच्या शेडमध्ये त्यांनी तो लाल दाराला लावला. चुंबक घसरून हातात पडला. बॉनेटला लावला, पडला. मागे लावला, पुढे लावला, कडेला लावला. कुठेच टिकेना. एक क्षण त्यांना वाटले: गाडी आहे की नुसता पुट्टीचा ढीग? मग त्यांनी बोटाच्या पेराने दार ठोकले. प्लास्टिकच्या बादलीसारखा आवाज आला, आणि त्यांना उलगडा झाला. या गाडीचे अंगच फायबरचे होते. त्यात लोखंड नव्हतेच, तर चुंबक चिकटणार कशाला? पुढे त्यांनी खाली वाकून सांगाडा पाहिला, जोड पाहिले, टायर पाहिले. गाडीला कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

ते उठून उभे राहिले. भागीरथीबाई चालकाच्या जागेवर बसल्या होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चक्रावर होते, तोंड किंचित उघडे होते, आणि शेडच्या बंद दारापलीकडे कुठेतरी त्यांची नजर लागली होती. हा चेहरा सीतारामरावांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांना भीती वाटली.

"चुंबक कोठेंच टिकत नाही," ते म्हणाले.

वाक्य अक्षरशः खरे होते. भागीरथीबाईंचे हात चक्रावरून खाली आले.

"म्हणजे?" वेंकटरमणरावांनी विचारले. त्यांना मोटारीतले ओ की ठो कळत नसे.

उत्तर बाईंनीच दिले. "म्हणजे गाडी मोठी आपटलेली आहे. आंत सगळी पुट्टी, वरून रंग." त्या उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "असों दे. चला."

सीतारामरावांनी चुंबक रुमालात गुंडाळला. परतताना फियाट बाईंनी चालवली नाही. काचा वर होत्या आणि काटा पस्तिसावर. त्या संध्याकाळी चपला उंबऱ्याशीच होत्या, जोडीने. रावांनी त्या पाहिल्या. श्वास मात्र जागेवर आला नाही.

आठवडाभराने सकाळी वेंकटरमणराव बसने तंजावरला आले आणि रावांच्या ओट्यावर येऊन बसले. दाढी वाढली होती. भागीरथीबाईंनी पुढे ठेवलेल्या कॉफीवर साय धरली तरी त्यांनी तिला हात लावला नाही.

"राव, एक विचारतों. खरें सांगा," ते म्हणाले. "कितीसा मार लागला असेल तीस? आंत बसलेला माणूस वांचेल, इतका?"

सीतारामरावांनी हातातला पेपर बाजूला ठेवला.

"हरिप्रसादास फोन केला. गाडी कोठें आपटलीस म्हणून विचारलें. ‘अप्पा, कधींच नाही,’ म्हणाला, आणि हांसला. तो हांसला, राव. मग मज आठवलें. त्या वर्षीं दीपावळीस तो आला नाही. काम आहे म्हणाला. दोन महिने पत्र नाही. तेव्हांच झालें असेल. हॉस्पिटलात असेल. का कोणास मारिलें त्यानें? म्हणून अमेरिकेस गेला काय?"

"तसें कांहीं नसेल," भागीरथीबाई म्हणाल्या.

"पोरगा नाही म्हणतो, टीचर. पण पोरगा खोटें बोलेल. रावांचा चुंबक कसा बोलेल?"

व्हायोलिनवर आयुष्यभर न थरथरलेले ते हात गुडघ्यांवर थरथरत होते. सीतारामरावांनी ते हात पाहिले आणि ती थरथर ओळखली. ती त्यांची स्वतःचीच होती. आपल्या अंगात तीस वर्षे वाढलेले भय आपण उचलून या माणसाच्या घरात नेऊन ठेवले, हे त्यांना स्वच्छ दिसले. हे सांगितले तर तीस वर्षांचे नाव जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे, शेजारी उभी असलेली बाई ऐकेल.

"गाडी आपटलेली नाही," ते म्हणाले. "तिचें अंग फायबरचें आहे. त्यास चुंबक लागतच नाही. हरिप्रसाद खरें बोलला."

वेंकटरमणरावांनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर कुठल्या तरी देवाचे नाव आले आणि गेले. मग त्यांनी ती गार झालेली कॉफी एका दमात पिऊन टाकली.

"तुम्हांस हें केव्हां कळलें?" भागीरथीबाईंनी विचारले.

"तेव्हांच."

"ठाऊक असून उभे राहिलांत."

"होय."

"आजवर कितीदां असें केलें?"

"कधींच नाही. हें पहिलें."

"कसाला केलें?"

आणि मग तीस वर्षे राहून गेलेली गोष्ट सीतारामरावांनी, परक्या माणसासमोर, भर सकाळी सांगितली: पापनाशमचा कालवा, काठावरच्या त्या चपला, नसलेला रकाना, आणि रोज संध्याकाळी उंबऱ्याशी काय बघतात तेही. सांगताना त्यांनी मान वर केली नाही. "मज त्या गाडीचें भय नाही," शेवटी ते म्हणाले. "कोणी बोलावील, मी टेप घेऊन जाईन, आणि तेथें तुझ्या चपला असतील, त्याचें भय."

भागीरथीबाई वेंकटरमणरावांना बसपर्यंत सोडून आल्या आणि त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही कामापुरतेच बोलल्या. रावांना वाटले, संपले. रविवारी सकाळी त्या म्हणाल्या, "चला तिरुवैयारुस. बसने जाऊं. येतांना बस नको."

वेंकटरमणरावांनी गाडी पुसून अंगणात आणवली होती. दृष्ट लागू नये म्हणून चारी चाकांखाली लिंबे ठेवली होती. सीतारामरावांनी कापडी छप्पर मागे दुमडायला मदत केली आणि डाव्या बाजूला बसले. बसले म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच टेकले. इथे पाय दाबायला चटईसुद्धा नव्हती.

भागीरथीबाई बसल्या, चक्र धरले आणि मग खाली वाकल्या. पेडल एकमेकांना इतकी चिकटून होती, की चपलेने दोन्ही एकदम दबली असती. त्यांनी तपकिरी चपला काढल्या, धूळ झटकली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवल्या.

"धरा," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातीं असल्या म्हणजे रस्त्यावर कोणास सांपडणार नाहीत."

लिंबे चिरडली. गाडी निघाली. कावेरीच्या पुलावर वारा असा आला, की सीतारामरावांचे धोतर फडफडू लागले. कुडमुरुट्टी नदीच्या पुलाशी काटा पन्नासावर गेला. वेट्टार नदीच्या अलीकडे रस्त्यावर पेंढा अंथरला होता. बाईंनी गाडी थांबवली, मळणीवाल्यांना हाक मारून एक बाजू मोकळी करून घेतली आणि मगच पुढे नेली. हे त्यांना कधी सांगितल्याचे रावांना आठवेना. वेण्णारच्या पुलावर उसाची लॉरी शेजारून गेली, तिचे चाक त्यांच्या डोक्याएवढे, आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. शेवटची नदी वडवार ओलांडून गावात शिरल्यावर ओळखीची माणसे थांबून बघू लागली. बायकोच्या चपला मांडीवर घेऊन बसलेल्या सर्व्हेअरसाहेबांना बघून कोणी हसलेही. रावांनी त्या लपवल्या नाहीत.

घरासमोर गाडी थांबली. राव कसेबसे उठून बाहेर आले, पायऱ्या चढले आणि सवयीने उंबऱ्याशी वाकले. चपला जोडीने ठेवणार, तोच त्यांचा हात थांबला. चपला घरी आल्या होत्या, बाई अजून आल्या नव्हत्या. खाली रस्त्यावर बाई गाडीचे छप्पर ओढून घेत होत्या, केस विस्कटलेले, पाय अनवाणी. त्या वर येऊन पाय पुढे करीपर्यंत सीतारामराव चपला हातात धरून तसेच उभे राहिले.