मुलीचं मत आणि अंत्याचं रील

सरकार पडलं की मला आनंद होतो. कुठलंही पडू दे!

कारण साधं आहे. माझी मुलगी चिमी बंगळूरला नोकरी करते आणि तिचं नाव अजून आमच्या लालबागच्या मतदार यादीत आहे. गणपतीला सुट्टी मिळत नाही, दिवाळीला तिकीट मिळत नाही, पण मतदानाला ती येते. दोन दिवस राहते, सुरमई खाते, शाईच्या बोटाचा फोटो काढते आणि जाते. चिमीच्या आईला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून घरात दुसरा आवाज ऐकायचा, तर मला थेट लोकशाहीच लागते.

यादी तपासायला येणाऱ्या शिक्षिका बाई मागे दोनदा येऊन गेल्या.

"मुलगी इथेच राहते ना?"

"राहते की! आंघोळीला गेलीय."

"काका, गेल्या खेपेलाही आंघोळच करत होती!"

(आमच्याकडे पाणी कमी येतं, असं मी सांगून टाकलं. त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं.)

आता चिमीला राजकारणाची आवड आहे, असं कुणी समजू नये. आपला नगरसेवक बाई आहे की बुवा, हे तिला ठाऊक नाही. ती येते ती अंत्यामुळे! हा अंत्या म्हणजे बायकोचा गाऊन घालून मोबाइलवर विनोदी रील करणारा एक दाढीवाला मुलगा. गेल्या निवडणुकीत तो लाटणं उगारून म्हणाला, "बोटाला शाई नसंल तर माझं रील बघू नको!" चिमीने त्याच दिवशी तिकीट काढलं. मी पाच वर्षं गणपती-दिवाळीची निमित्तं काढत होतो, ते गाऊनने एका मिनिटात करून दाखवलं.

या वेळी मात्र फोनवर म्हणाली, "बाबा, सुट्टीचं बघते रे."

चिमीचं 'बघते' म्हणजे 'नाही'. तिच्या आईचंही तसंच होतं.

मग मी ठरवलं, आता सरळ अंत्यालाच साकडं घालायचं! अकाउंट उघडायला गेलो तर माझं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं. वडिलांचं जोडून पाहिलं, आडनाव उलटं केलं, सगळं घेतलेलं! शेवटी चिडून 'पोरीचा बाप' असं टाकलं, ते बरं मोकळं होतं. मग अंत्याच्या रीलखाली लिहिलं: "चिरंजीव अंत्यास अनेक आशीर्वाद. परगावी राहणाऱ्या मुलांना मतदानासाठी घरी जायला सांगावे. मुलगी त्या निमित्ताने तरी येते. सुरमई सांगून ठेवली आहे."

चौथ्या दिवशी चिमीने मला एक रील पाठवलं. बघतो तर अंत्या! गाऊनवर म्हाताऱ्याची माकडटोपी घालून माझंच पत्र रडत रडत वाचतोय! 'सुरमई'ला तर त्याने असा हंबरडा फोडला, की मलाही हसू आलं. मग टोपी काढून तो गंभीर झाला. "काका, आशीर्वाद पोचले. पण पोरगी खड्डे कुठले चुकवते? तिथले ना? टँकर कुठे मागवते? मग मतपण तिकडंच द्यायचं! मित्रांनो, यादीतलं नाव तिकडं हलवून घ्या. आजच!"

मुद्दा बिनतोड होता. माझ्या बाजूने बोलायला सुरमई सोडून काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात चिमीचा फोन. हसून हसून तिला बोलता येईना.

"बाबा, बघितलंस? कसले एकेक बाप असतात ना!"

"असतात बाबा," मी म्हटलं.

"पण पटलं हां मला. मी लगेच फॉर्म भरला. आता मत इकडेच. तुला पण दगदग नको. बरोबर केलं ना?"

"अगदी बरोबर."

 

मग तीच म्हणाली, "बिचारे रे ते काका. एकटे असतील. पण मला कळत नाही, त्यांनी सरळ पोरीलाच का नाही सांगितलं, की मला करमत नाही, ये म्हणून? ती आली असती ना! मध्ये तो अंत्या कशाला?"

"नसेल सुचलं," मी म्हटलं.

"असं कसं सुचत नाही?"

तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. फोन ठेवला, चष्मा पुसला आणि ताबडतोब लिहायला बसलो:

"चिरंजीव अंत्यास अनेक आशीर्वाद. निवडणूक नसली तरी मुलांनी घरी यावे, यावर एक रील करावे."