येळवशीला समुद्रावर आलेली हाक

भूतखेत, चकवा, करणी — यातलं म्या आजवर काही मानलं न्हाय. ज्या पिंपळाखालनं लोक दिवसासुद्धा मान खाली घालून जायचे, तिथं म्या बैलं बांधून दुपारची झोप काढलीय. कुणाच्या अंगात आलं की "आधी पाणी पी, मग घूम" म्हणणारा मी माणूस. शाळा चौथीपर्यंत, ती पण अर्धी उर्दूत, निजामाच्या वेळची. तवा लिहिण्यात चुका निघतील. सांगण्यात निघणार न्हाईत. या सदरात लोक लई सजवून लिहितात... मी सजवणार न्हाय. घडलं तसं लिहितो.

उमरग्यापासून दोन कोसावर आमचं गाव. निजाम गेला, मग काही वर्षांनी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. त्या थंडीत पारावर बसल्या बसल्या मी बोलून गेलो, की आता समुद्र आपल्या राज्यात आलाय, आपला समुद्र आपण बघायला नको का? सगळे हसले. मी हसण्यावारी बोललो नव्हतो.

आमच्या गावचा महेबूब ट्रक चालवायचा. इकडची तूर आणि मिरची कोकणात न्यायची, तिकडनं नारळ आणायचे. रत्नागिरीच्या खालच्या अंगाला एका लहान बंदरात त्याच्या ओळखीचा तांडेल होता — म्हणजे गलबताचा मुख्य. त्याचं शिडाचं गलबत भात-कौलं वाहायचं आणि त्या दिवसांत चार दिवस रिकामं उभं राहणार होतं. महेबूब म्हणाला, अख्खं गलबत आपल्यासाठी ठरवू, तांडेल आणि त्याचे तीन खलाशी चालवतील, आपण नुसतं बसायचं. आमी सहा जण तयार झालो. त्यात एक माझे दाजी, धाकट्या बहिणीचे, कौसाचे मालक. दाजी मवाळ माणूस. यायला तयार नव्हते. म्याच ओढून नेलं.

घोळ एकच होता. त्याच चार दिवसांत येळवस येत होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो — आमच्या भागात थंडीतल्या त्या अमावस्येला सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, आत पाच दगडांना चुना लावून पुजायचं, ओल्या दाण्यांची आणि पाल्याची भज्जी, भाकरी, ज्वारीची आंबील. जेवायच्या आधी घरच्या कारभाऱ्यानं आंबिलीचं मडकं, त्याला आमी बिंदगं म्हणतो, ते घेऊन पिकाभोवती शिंपडत फिरायचं आणि "ओलगे ओलगे" म्हणून आरोळी द्यायची. शेजारच्या रानातनं बाया-माणसं तशीच आरोळी परत देतात. त्या दिवशी गावात कुत्रं सापडत न्हाय, आणि मी निघालो समुद्राला.

कारभारीण दोन दिवस बोलली न्हाय. निघताना कौसा दारात येऊन म्हणाली, "दादा, त्यांना नेतूस तसं आणून सोड." बास, एवढंच.

मी पण हट्टी. येळवस चुकणार न्हाय, गलबतावर करू, म्हणून ज्वारीचं पीठ आणि कोरं बिंदगं कडब्यात गुंडाळून ट्रकमधनं नेलं. तांडेलानं ते बघितलं आणि विचारलं, अमोशा धरून कशाला आलात, पाण्याला जोर असतो. मी म्हणालो, आमच्याकडं अमावस्या सणाची आहे. तो दोर गुंडाळाय लागला. त्यानं अजून बोलायला पाहिजे होतं, आणि म्या ऐकायला.

पहिला दिवस मात्र राजासारखा गेला. शीड भरलं की गलबत असं जायचं, जसं उताराला लागलेलं रिकामं गाडं. महेबूब तर डोलकाठीला टेकून गाणी म्हणत होता. पण दाजींना संध्याकाळपासून उलट्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोट राहीना. तांडेलाला वाटलं होतं, नवीन माणूस आहे, सवयीनं थांबेल... थांबलं न्हाय. तिसऱ्या दिवशी, येळवशीच्या सकाळी, दाजींचे डोळे आत गेलेले, ओठ फुटलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी. तांडेलानं बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दुपारपर्यंत ह्यांना किनाऱ्याला न्यायला हवं. संध्याकाळ धरू नका."

उजाडतानाच किनाऱ्याकडं निघालो होतो. तासाभरात धुकं उतरलं, आणि वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबाय लागलं. गलबताच्या या टोकावरनं त्या टोकाचा माणूस दिसेना. तांडेल म्हणाला, या दिवसांत धुकं असतं, पण इतका वेळ टिकत न्हाय. वल्ही होती, पण मारायची कुठल्या बाजूला? अमावस्येच्या पाण्यानं गलबत कुठवर ओढलं होतं ते त्यालाच कळेना. खाडीच्या तोंडाशी बुडते खडक होते. चुकीच्या बाजूला गेलो तर फळ्या सुद्धा हाताला लागणार नव्हत्या.

दुपार होत आली तरी धुकं हटेना. मी दाजींच्या उशाला बसलो. मनात एकच — कौसाला काय तोंड दाखवू. तेवढ्यात दाजी डोळे मिटूनच म्हणाले, "आज येळवस न्हवं का? फेरी मारली का न्हाय?"

मी उठलो. आंबील रात्रीच करून ठेवली होती. पाच दगड कुठनं आणायचे? गलबताच्या बुडात वजनाला दगड भरलेले असतात, त्यातले पाच काढले आणि माझ्या तंबाखूच्या डबीतला चुना लावला. एक खलाशी हसला. तांडेलानं त्याला डोळ्यानं गप केलं. मग बिंदगं काखेत धरून मी गलबताच्या काठाकाठानं फिरलो, पाण्यात आंबील शिंपडली, आणि रानात देतो तशी आरोळी दिली.

"ओलगे ओलगे..."

आणि धुक्यातनं आरोळी परत आली.

वाचणारे म्हणतील, आवाज घुमला असेल. मी पण तेच म्हणालो असतो. पण माझा आवाज जाडा आहे, आणि आलेला आवाज बाईचा होता. शेवटचं "गे" लांबवून एकदम तोडलेलं. असं सबंध शिवारात एकच बाई तोडायची, आणि ती माझी कारभारीण.

म्या बिंदगं फळीवर ठेवलं. महेबूब उभा राहिला. म्हणाला, "भाई, ये तो भाभी का आवाज है."

म्या परत आरोळी दिली. परत उत्तर आलं, त्याच बाजूनं. आता तांडेलानं पण ऐकलं. तो म्हणाला, त्याच्या अंदाजानं त्या अंगाला खडक आहेत, किनारा उलट्या बाजूला. मी म्हणालो, आवाज आहे तिकडं न्या. तो म्हणाला, असली हाक आमच्या किनाऱ्याला कुणी मारत नाही. मी म्हणालो, म्हणूनच न्या. माझा हट्ट गावानं बघितलाय, त्या दिवशी समुद्रानं बघितला. पण खरं सांगायचं तर माझ्या हट्टानं तो वळला न्हाय. तो थोडा वेळ कान देऊन उभा राहिला आणि खलाशांना म्हणाला, "माणूस काय पाण्यावर उभा राहून हाक मारतो? हाक आहे तिथं जमीन आहे. मारा वल्ही."

मग मी हाक द्यायची आणि तिकडनं उत्तर यायचं. दर खेपेला जवळ. माझा घसा बसला तेव्हा महेबूबनं आरोळी दिली. जन्मभर आमच्या कोपीत जेवलेला माणूस, त्याला काय शिकवायचं... अर्धा तास गेला असेल. मग बुडाखाली वाळू घासली. तो आवाज ऐकून खलाशी खाली बसला आणि रडला, मघाशी हसलेला तोच.

किनाऱ्यावर एक म्हातारा जाळं दुरुस्त करत होता. सकाळपासून तिथंच होता. त्याला विचारलं, कोण बाई ओरडत होती? म्हणाला, बाई कोणी नाही, तुम्हीच तेवढे बोंबलत आलात. ओल्या वाळूवर त्याच्या पावलांशिवाय दुसरं पाऊल नव्हतं. म्या लांबपर्यंत बघितलं.

दाजींना त्या म्हाताऱ्याच्या घरी नेलं. गावात डॉक्टर होता, त्यानं सलाईन लावलं आणि चमच्याचमच्यानं शहाळ्याचं पाणी द्यायला सांगितलं. दिवस कलताना दाजींनी डोळे उघडले आणि भज्जी मागितली. तांडेल बाहेर उभा होता. धुकं निघालं होतं. त्यानं मला हात करून दाखवलं — ज्या बाजूला तो किनारा धरून बसला होता, तिथं पाणी खडकांवर पांढरं फुटत होतं. दोघांनी तंबाखू मळली आणि खाल्ली.

परत येताना मी सगळ्यांना ताकीद दिली, गावात यातलं बोलायचं न्हाय. लोक म्हणतील, येळवस सोडून गेला आणि भ्याला.

दाजींना कौसाच्या दारात सोडलं आणि घरी आलो. कारभारीण चुलीपुढं होती. मी तोंड उघडायच्या आत तिनंच सुरू केलं. तुम्ही नव्हता म्हणून फेरी म्याच मारली, म्हणाली. सूर्य डोक्यावर यायला थोडा अवकाश होता. आरोळी दिली तर ओढ्याच्या अंगानं तुमचं उत्तर आलं. परत दिली, परत आलं. मला वाटलं, आले अर्ध्यातनं परतून, आता लाजून तोंड दाखवत न्हाईत. ताट वाढून दिवस मावळेपर्यंत कोपीत बसले.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हाकेला ओ दिलीत, मग जेवायला का आला न्हाईत?"

म्या हातपाय धुतले आणि ताटावर बसलो. आज ती न्हाय, तो सवाल अजून तसाच आहे. ओढ्यापासून समुद्र किती लांब, ते म्या ट्रकमध्ये बसून मोजलंय. माझ्या डोक्यात हे बसत न्हाय, आणि बसवायचा नाद म्या सोडून दिलाय. दाजी त्यानंतर लई वर्षं जगले. दर येळवशीला आमच्याच कोपीत जेवायचे. आणि फेरी मारून मी आलो, की कारभारीण आधी माझं ताट वाढायची — मी समोर बसेपर्यंत हात त्या ताटावरनं काढायची न्हाय.